उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

परवां एका जुन्या स्नेह्यांची रस्त्यांत गांठ पडली. आमच्या गळ्यांत कॅमेरा होता, पाय नेहमीप्रमाणें नारायण पेठेकडे वळले होते, आणि एका वाड्याच्या दिंडीपाशीं आम्ही गुडघे टेकून बसलों होतों. स्नेही थोडा वेळ मागें उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "अहो, गेलीं सात-आठ वर्षं पाहतोंय, रोज सकाळीं त्याच चार गल्ल्या! तुम्हांला तिथं फोटो घ्यायला सांपडतं तरी काय?" प्रश्न साधा होता, परंतु गुडघ्यांवरची धूळ झाडतां झाडतां त्याचें उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. कांहींतरी पुटपुटून आम्ही वाटेला लागलों. वाचकांची गोष्ट निराळी. ते बसलेले आहेत, आम्हीही बसलों आहोंत. तेव्हां उत्तराला थोडी सवड आहे.

हा कॅमेरा आम्हांस २०१६ सालीं सेवानिवृत्तीच्या समारंभांत शाल, श्रीफळ आणि तीन भाषणें यांच्यासह मिळाला. शाल ट्रंकेंत गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, भाषणें तर त्याच रात्रीं विसरलों. कॅमेरा तेवढा उरला. पहिलें वर्ष आम्हीं अद्भुताच्या शोधांत घालविलें. पर्वतीवरचा सूर्योदय, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, सिंहगडावरचें धुकें, लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जनाची मिरवणूक, यांपैकीं कांहींही आम्हीं सोडलें नाहीं. घरीं पाहुणे आले म्हणजे तीं चित्रें आम्ही त्यांच्यापुढें मांडीत असूं. पाहुणे शिष्टाचार म्हणून दोनचार चित्रें पाहत, आणि मग खिशांतून आपला फोन काढून त्याच जागेचें त्यांनीं घेतलेलें चित्र आम्हांस दाखवीत. खेदाची गोष्ट ही, कीं तें बहुधा आमच्यापेक्षां बरें असे.

पुढें बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनांत एक प्रदर्शन पाहण्याचा योग आला. भिंतींवर जटाधारी साधु होते, सुरकुतलेल्या आजीबाई होत्या, नाक गळणारीं उघडीं मुलें होतीं, आणि प्रत्येक चौकटीखालीं 'जीवन', 'प्रतीक्षा', 'अस्तित्व' असें एकेक भारदस्त नांव होतें. आम्हीं त्यावरून असा निष्कर्ष काढला, कीं रस्त्यावरच्या छायाचित्राला दारिद्र्य लागतें, निदान म्हातारपण तरी लागतें. दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्ही मंडई गांठली.

महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. रे मार्केट हें तिचें मूळचें नांव. तिच्या बाहेरच्या बाजूला, सकाळचें तिरपें ऊन पडतें अशा जागीं, एक म्हातारी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. चेहरा असा, कीं चित्रकारानें मुद्दाम कोरावा. आम्ही समोर उकिडवे बसलों आणि भिंग मागेंपुढें सरकवीत दहाबारा चित्रें घेतलीं. म्हातारीनें तोंड फिरविलें नाहीं, पदर सांवरला नाहीं, हंसलीही नाहीं. आम्ही उठूं लागलों तेव्हां मात्र म्हणाली, "दादा, मघाधरनं बघतीया. तोंड फुकट नेलंत, मेथी तरी इकत घ्या."

आम्हीं चार जुड्या घेतल्या. चार जुड्या पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं कांहीं प्रश्न विचारले, त्यांचीं उत्तरें आम्हीं दिलीं नाहींत. चित्र उत्तम निघालें होतें. त्या वर्षांतलें तें आमचें सर्वांत चांगलें चित्र. परंतु तें समोर आलें, कीं कानांत तें वाक्य वाजे. रस्त्यांत बसलेल्या माणसाचें चित्र घेण्यास कायद्याची आडकाठी असो वा नसो, तो विचार तेथें अपुरा पडत होता. जिनें आम्हांस कांहीं विकावयास काढलें होतें तें आम्हांस नको होतें, आणि जें तिनें विकावयास काढलें नव्हतें तें आम्ही उचलून आणलें होतें. तें चित्र आजवर आम्हीं कोणास दाखविलेलें नाहीं.

मग आम्ही पुस्तकांकडे वळलों. शंकाकुल मध्यमवर्गीय माणूस अखेर पुस्तकांकडेच वळतो. तेथें आम्हांस आंद्रे केर्तेस भेटला. हा मूळचा हंगेरीचा. १९१५ पासून पुढें पन्नासांवर वर्षें, ज्या ज्या शहरांत तो राहिला तेथें तेथें, त्यानें वाचणारीं माणसें टिपलीं: गच्चीवर वाचणारीं, बागेंत वाचणारीं, कचऱ्याच्या ढिगाशीं उभीं राहून वाचणारीं, आणि १९७१ सालीं त्यांचें एक लहानसें पुस्तक केलें. हेलन लेविट हिनें १९३७-३८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फरसबंदीवर मुलांनीं खडूनें काढलेल्या रेघोट्यांचीं चित्रें घेतलीं. त्या रेघोट्या पुढच्या पावसांत गेल्या, चित्रें राहिलीं. यूजीन आत्जे हा जड लांकडी कॅमेरा आणि कांचेच्या पट्ट्या वागवीत १९२७ सालीं मरेपर्यंत जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, जिने आणि दुकानांच्या खिडक्या टिपीत राहिला. आपल्या जयपूरच्या रघुवीर सिंग यांनीं तर अँबॅसडर गाडी हाच विषय धरला, आणि तिच्या कांचेंतून, उघड्या दारांतून, बाजूच्या आरशांतून सारा देश पाहिला. १९९९ सालीं ते वारले. तें पुस्तक त्यांच्यामागें २००२ सालीं निघालें.

हें सर्व वाचून आमची अशी समजूत झाली, कीं विषय एकदां ठरविला म्हणजे झालें. म्हणून आम्हीं टेबलाशीं बसून विषय ठरविले. प्रथम वाड्यांचे दरवाजे. तीन आठवड्यांनीं ध्यानांत आलें, कीं पुण्यांतील प्रत्येक दरवाजा कोणत्या ना कोणत्या दिनदर्शिकेवर आधींच येऊन बसला आहे. मग सायकली. हें शहर एके काळीं सायकलींचें म्हणून ओळखलें जाई. आतां अप्पा बळवंत चौकांत अर्धा तास उभें राहावें तेव्हां एखादी दिसते, आणि ती दिसेपर्यंत आमच्यावरून दोनशें दुचाक्या गेलेल्या असतात. मग मांजरें. मांजरांविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. ठरविलेले विषय असे एकामागून एक सुकून गेले, आणि आम्ही पुन्हा त्याच चार गल्ल्यांतून, कांहींही न ठरवितां, सकाळचे हिंडूं लागलों.

२०१८ च्या दिवाळीपूर्वीं घरांत आवराआवर निघाली. आमच्या चित्रांच्या छापील प्रतींनीं एक अख्खें कपाट अडविलें होतें. त्यांतील निम्म्या काढाव्या, असा घरचा हुकूम झाला. आम्हीं सुमारें चारशें प्रती दिवाणखान्याच्या फरशीवर पसरल्या. तेवढ्यांत आमची सहा वर्षांची नात तेथें आली, कडेनें एक फेरी मारून म्हणाली, "आबा, एवढे चपलांचे फोटो कशाला काढलेत?"

आम्ही हंसलों. चपलांचा एकही फोटो आम्हीं काढला नव्हता. हा पाहा दरवाजा, हे पाहा ओटीवर वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ, ही पाहा खिडकींतली मुलगी. नात मात्र एकेका चित्रावर बोट ठेवीत गेली. दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यांत चपला. वर्तमानपत्राच्या गृहस्थांच्या ओटीखालीं चपला. खिडकीखालच्या पायरीवर चपला. आम्हीं चौकट जुळवितांना एखादा हात कापला गेला होता, एखादें डोकें अर्धें राहिलें होतें. परंतु चपलांचा जोड कोठें तुटलेला नव्हता. तिनें मोजल्या तेव्हां एकशें बारा चित्रांत चपला निघाल्या. शंभरानंतर तिचा आंकडा थोडा डळमळत होता हें खरें, तरीसुद्धां हें प्रमाण कांहीं योगायोगाचें म्हणवेना.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आणि मग, फार वर्षांनीं, सदाशिव पेठेंतील आमच्या जुन्या बिऱ्हाडाचा जिना डोळ्यांपुढें आला. आमचे वडील कारकून होते; घरीं येण्याची वेळ ठरलेली नसे. शाळेंतून येतांना जिन्याच्या शेवटच्या वळणावरून प्रथम दिसे तो आमचा उंबरा. तेथें वडिलांचा काळा जोडा दिसला, कीं आम्हां भावंडांचे आवाज आपोआप खालीं येत. जोडा भिंतीशीं सरळ लावलेला असला तर ठीक. एक बूट तिरपा, एक उलटा पडलेला असला, तर कचेरींत साहेबाशीं बिनसलें असें समजावें आणि प्रगतिपुस्तक दुसऱ्या दिवसावर टाकावें. शेजारीं मामाच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी असल्या, तर आज बटाटेवडे. दार उघडण्यापूर्वीं घरांत काय आहे हें वाचावयास आम्ही सहासात वर्षांचे असतांना शिकलों, आणि साठीला आलों तरी प्रत्येक परक्या दाराशीं तेंच वाचीत होतों. आम्हांला वाटत होतें, आम्ही विषय शोधीत आहोंत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उघडपणें वहाणांच्या मागें लागलों. सौभाग्यवती म्हणाल्या, "पायींची वहाण पायींच बरी म्हणतात, तुम्ही ती भिंतीवर लावणार वाटतं!" एवढें बोलून त्यांनीं गुडघ्यांखालीं घेण्यासाठीं जुनें पोतें मात्र शिवून दिलें, तें अजून पिशवींत असतें. कारण हें काम बसून करावें लागतें. उभ्यानें घेतलें तर वहाण म्हणजे फरशीवरचा डाग. भिंग वीतभर उंचीवर आणलें, कीं तिला कमान येते, टाचेचा खळगा दिसतो, अंगठ्याशीं घांसून गुळगुळीत झालेलें चामडें दिसतें. पेठांतल्या अरुंद बोळांत उंबऱ्यापर्यंत ऊन पोंचतें तें फार थोडा वेळ. एखाद्या दारीं वीस मिनिटें, एखाद्या दारीं मार्गशीर्ष-पौषांत मुळींच नाहीं. प्रत्येक दाराचें उन्हाचें वेळापत्रक हळूहळू आम्हांस पाठ झालें. हेन्री कार्तिए-ब्रेसों याच्या १९५२ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाला इंग्रजींत 'निर्णायक क्षण' असें नांव आहे, आणि रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांनीं तो शब्द मंत्रासारखा जपला आहे. आमच्या विषयांत क्षण नव्हताच. वहाणा थांबून राहत. घाई असली तर ती उन्हाला.

आणि वाचावयास किती असे! शिकवणीच्या वर्गाबाहेरचा ढीग. त्यांत कोणाचा जोड कोणापाशीं नाहीं, पण एक मुलगी रोज आपल्या चपला वेगळ्या, पायरीच्या टोंकाशीं, जाण्याच्या दिशेला तोंड करून ठेवी. तिला वर्ग सुटण्याची घाई असावी किंवा बसची. दवाखान्याबाहेर एका बुटाची नाडी न सोडतांच तो ओढून काढलेला. आंत कोणी तरी कोणाला उचलून आणलें असलें पाहिजे. लग्नघरीं ओटीखालीं नव्या कोऱ्या, चावणाऱ्या वहाणांची रांग, आणि त्यांच्या मालकिणी आंत अनवाणी, सुखांत. ज्येष्ठांत पालख्या येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेंत आणि तुकोबांची नाना पेठेंत उतरते. तेव्हां रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांच्या तुटक्या वहाणा फुकट शिवून देणारे कारागीर बसतात. पालखींत पादुका, फुलांखालीं झांकलेल्या; आणि बाहेर फुटपाथावर तळवा फाटलेल्या, दोऱ्यानें बांधलेल्या, आळंदी-देहूची धूळ बसलेल्या वहाणांचा डोंगर. तीन वर्षें आम्ही पालखीचें चित्र घेण्यास जात होतों, आणि दर वर्षीं त्या डोंगरापाशींच अडकून परत येत होतों.

आमच्यावर कधीं संशय आला नाहीं असें नव्हे. एका देवळांत चपला सांभाळणाऱ्या बाईनें आम्हांस दोन दिवस ओणवें झालेलें पाहून तिसऱ्या दिवशीं कनवाळूपणानें विचारलें, "काका, अजून नाहीं का सांपडला जोडा?" तिच्या शेजारच्या फुलवाल्याची समजूत इतकी कनवाळू नव्हती. परंतु एकंदरींत आमची सदसद्विवेकबुद्धि आतां शांत होती. मेथीवाल्या म्हातारीचें तोंड आम्हीं फुकट नेलें होतें. वहाणेला तोंड नसतें. येथें कोणाची लाज उघडी पडत नाहीं, कोणास नांव ठेवलें जात नाहीं. माणसाची हकीकत तेवढी कळते आणि माणूस झांकलेला राहतो. हा शोध लावल्याबद्दल आम्ही स्वतःवर बरेच खूष होतों.

२०२० च्या मार्चअखेर सर्व कांहीं बंद झालें, आणि आमच्या चार गल्ल्यांची एक गल्ली झाली. पुढें तीही सुटून नुसता आमच्या इमारतीचा जिना उरला. चार मजले, अकरा दारें. एरवीं सकाळीं नऊनंतर ज्या उंबऱ्यांबाहेर एखादाच जोड असे, तेथें आतां सगळ्यांच्या वहाणा चोवीस तास. पहिले कांहीं दिवस त्या हालत. मग त्यांच्यावर धूळ बसूं लागली, सगळ्यांवर सारखी. तिसऱ्या मजल्यावर एका दारीं एप्रिलमध्यें रात्रीं पुष्कळ वहाणा जमल्या नाहींत, याचा अर्थ आम्हांस सकाळीं कळला; एरवीं अशा घरीं उंबऱ्याशीं पाय ठेवावयास जागा नसते. त्या दाराचें चित्र आम्हीं घेतलें नाहीं. कॅमेरा हातांत होता, ऊनही बरें होतें.

पुढें मोकळीक झाली. २०२१ च्या हिवाळ्यांत हौशी मंडळींचें एक लहान प्रदर्शन भरावयाचें ठरलें, आणि प्रत्येकानें एकेक चित्र मोठें छापून द्यावें असें निघालें. आमची निवड तयार होती. एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरचें दार. कोणत्या पेठेंतला वाडा तें सांगत नाहीं. उंबऱ्याबाहेर दोन जोड: एक साधा, बायकी, पट्ट्याला टांका घातलेला, आणि त्याच्या शेजारीं पुरुषाच्या कोल्हापुरी, रुंद, तेल पाजून तुकतुकीत केलेल्या. जिन्याच्या झरोक्यांतून त्या दोहोंवर उन्हाची एकच तिरीप. आमच्या मतें त्यांत सारा संसार आला होता. 'जोडी' असें नांवही आम्हीं मनाशीं ठरविलें होतें. हो, आम्हीही शेवटीं नांव ठेवण्यापर्यंत आलों होतों.

त्या दाराच्या सर्व प्रती कोणती उत्तम हें पाहण्यासाठीं आम्हीं सालवारीनें ओळीत लावल्या. २०१८ पासूनच्या अकरा निघाल्या. बायकी चपला तीनदां बदलल्या होत्या. एकदां पावसाळी रबरी, एकदां टांच्यांच्या, एकदां नव्या. त्यांची जागा रोज निराळी. पुरुषी वहाणा मात्र अकराही चित्रांत त्याच, त्याच फरशीवर, भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर. आणि तीन वर्षांत टाच एक रेघभरही झिजलेली नव्हती. वापरणाऱ्याच्या वहाणा झिजतात, न वापरणाऱ्याच्या धुळीनें भरतात. या ना झिजल्या होत्या, ना धुळीनें भरल्या होत्या. गृहस्थ अंथरुणाला खिळलेले असावेत आणि बाई त्यांच्या वहाणा प्रेमानें पुसून ठेवीत असाव्यात, असा आम्हीं तर्क केला. चित्राची किंमत आमच्या दृष्टीनें आणखीच वाढली.

माणसाचें तोंड नसलें तरी दार त्यांचें, म्हणून परवानगी मागावयास आम्ही एका संध्याकाळीं वर गेलों. कडी वाजविल्यावर आंतून बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दार बोटभर उघडलें. काकू ऐंशीच्या पुढच्या असतील. ओळख पटली, तेव्हां आंत बोलावलें, पाणी दिलें. आम्हीं सर्व सांगितलें, आणि काकांची प्रकृति कशी आहे, त्यांनाही एकदां विचारतां आलें तर बरें, असें म्हटलें. काकू आमच्याकडे पाहत राहिल्या.

"ते जाऊन नऊ वर्षं झालीं," त्या म्हणाल्या.

आम्हांस काय बोलावें सुचेना. काकूंनींच पुढें सांगितलें, अगदीं साध्या आवाजांत, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसें. "वाड्यांत आतां तीनच बिऱ्हाडं उरलींत. जिन्याला दिवा नाहीं. मुलगी तिकडे लांब. दाराशीं पुरुषाच्या वहाणा असल्या, कीं येणारा जरा जपून कडी वाजवतो. दर शनिवारीं पुसते, पावसाळ्याआधीं तेल देते. तशाच टाकल्या तर चार दिवसांत कळतं लोकांना." मग किंचित् हंसून म्हणाल्या, "रामाच्या पादुकांनीं चौदा वर्षं राज्य सांभाळलं म्हणतात. मला तर नुसतं दार सांभाळायचंय."

परवानगीचा विषय आम्ही काढला नाहीं, त्यांनींच काढला. "तुम्ही तो तिकडे लावणार. शंभर माणसं बघणार. त्यांतलं एखादं या गल्लीतलं निघालं, आणि तुमच्यासारखंच बारकाईनं बघणारं निघालं, तर?"

जिना उतरतांना आम्हीं त्या वहाणांकडे पाहण्याचें टाळलें. परक्या उंबऱ्यावरून घर वाचण्याचा आमचा मोठा अभिमान होता. आणि येथें एका बाईनें, अक्षर न अक्षर जाणूनबुजून, वाचणाऱ्यासाठींच तो मजकूर मांडून ठेविला होता. आम्ही तो तिच्या इच्छेप्रमाणें चुकीचा वाचला, हें ठीकच झालें. तें तर तिचें काम होतें. परंतु आणखी एक प्रत, आणखी एक ओळ, आणि तिचें कुलूप आम्हीं चारचौघांत उघडलें असतें. वहाणेला तोंड नसतें हा आमचा शोध कितपत खरा होता! व्हॅन गॉगनें १८८६ सालीं पॅरिसमध्यें एक जुना बुटांचा जोड रंगविला. एका जर्मन तत्त्वज्ञानें ते शेतकरणीचे जोडे ठरवून त्यांत तिचें सारें कष्टमय जीवन वाचलें. पुढें १९६८ सालीं एका अमेरिकन कलासमीक्षकानें दाखवूं पाहिलें, कीं बूट चित्रकाराचे स्वतःचेच आहेत. पंडितांच्या त्या वादांत बुटांच्या धन्याचें कांहीं बिघडलें नाहीं. काकूंचें बिघडलें असतें.

प्रदर्शनांतून आम्हीं नांव मागें घेतलें. मोठी प्रत छापून झाली होती, पैसे गेले. मंडळींनीं कारण विचारलें, तें सांगतां येईना; तेव्हां 'चित्र जमलें नाहीं' असें सांगितलें. त्यांतील एका तरुण सभासदानें आमची समजूत घालतांना म्हटलें, "काका, मनाला लावून घेऊं नका. चपलांत एवढं असतंच काय!" आम्हीं मान डोलविली.

त्यानंतर कांहीं महिने कॅमेरा बाहेर काढवेना. मग पुन्हा काढला. संवय सुटत नाहीं. मात्र आतां दाराशीं बसण्याआधीं आम्ही कडी वाजवितों. पुष्कळांना हंसूं येतें. कोणी म्हणतें, थांबा, जरा नीट लावून ठेवतों. आणि मग चित्रांत मौज राहत नाहीं, तरी तें आम्ही घेतों. कोणी नको म्हणतें. ज्यांना आमची ही रीत ठाऊक आहे, ते आम्हांस सांगतात कीं अशानें रस्त्यावरचें छायाचित्र होत नाहीं, त्याला अवचितपणा लागतो. त्यांचें म्हणणें खरें असेल. आमच्या गेल्या दोनतीन वर्षांतल्या चित्रांत पूर्वींचा तो तजेला नाहीं, हें आम्हांसही दिसतें.

हें सर्व आतां लिहितों आहों, कारण २०२३ सालीं तो वाडा पडला. इतर वाडे पडले तसाच. दोन दिवस धूळ उडाली आणि तिसऱ्या दिवशीं पलीकडची गल्ली दिसूं लागली. काकू कोथरूडला एका नव्या इमारतींत चौथ्या मजल्यावर राहावयास गेल्या. खालीं पहारेकरी आहे, उद्वाहनांत कॅमेरा आहे, जिन्यांत रात्रभर दिवा जळतो. दिवाळीच्या सुमारास त्यांचा निरोप आला म्हणून आम्ही भेटावयास गेलों. उंबऱ्याबाहेर कांहींच नव्हतें. भिंतीवर सोसायटीची छापील सूचना होती, कीं दारापुढें चपला, कुंड्या इत्यादि ठेवूं नयेत.

काकूंनीं चहा केला. कोल्हापुरी आंत, दाराच्या मागें, एका पाटावर होत्या. "आतां गरज नाहीं," त्या म्हणाल्या, "पण मला तो फोटो द्या. तो जुन्या दाराचा." हें आमच्या ध्यानीं आधींच आलें होतें. ती मोठी प्रत आम्हीं कागदांत गुंडाळून बरोबरच नेली होती. त्यांनीं ती पलंगावर पसरली, चष्मा लावला, आणि बराच वेळ वांकून पाहिली. दाराची कडी पाहिली, झरोक्याचें ऊन पाहिलें, स्वतःच्या टांका घातलेल्या चपलांना हंसल्या. मग एकाएकीं कपाळाला आठी पडली.

"अहो, त्या दिवशीं पुसायच्या राहिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हा बघा, अंगठ्यापाशीं डाग. दुसरा नाहीं का एखादा, शनिवारचा?"

आम्हीं घरीं येऊन कपाट उघडलें, उरलेल्या दहा प्रती काढल्या, आणि नातीचें भिंग घेऊन मागल्या बाजूच्या तारखांवरून वार मोजीत बसलों.